१८० रेखांशावर तुटणारे मार्ग

भारतीय नौदलाची 'तारिणी' ही शिडाची नौका १० सप्टेंबर २०१७ला गोव्याहून निघाली आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून २१ मे २०१८ला गोव्यातच परतली. लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच सहकारी अधिकारी, अशा सहाजणींचा हा प्रवास. वाटेतली ठरलेली बंदरे चार : ऑस्ट्रेलियातले फ्रीमँटल, न्यूझीलंडमधले लिटलटन, फॉकलंड बेटांवरचे पोर्ट स्टॅन्ली आणि केप टाउन. हा मार्ग वेबवरच्या नकाशात काढणे वरवर पाहता सोपे आहे. बंदरांचे अक्षांश-रेखांश क्रमाने द्यायचे आणि रेघेने जोडायला सांगायचे. पहिले दोन टप्पे नीट उमटतात. तिसऱ्यात घोटाळा होतो. लिटलटन १७२.७ पूर्व रेखांशावर आहे, पोर्ट स्टॅन्ली ५७.९ पश्चिमेवर, म्हणजे संगणकाच्या हिशेबी उणे ५७.९. अधिक १७२.७कडून उणे ५७.९कडे जायचे तर आकडा घटत गेला पाहिजे, आणि आकडा घटणे म्हणजे पश्चिमेला सरकणे. त्यामुळे रेघ न्यूझीलंडचे दक्षिण बेट आडवे कापते, टास्मानियाच्या खालून हिंदी महासागरात शिरते, आफ्रिकेच्या बऱ्याच दक्षिणेकडून अटलांटिकमध्ये जाते आणि फॉकलंडला उलट्या बाजूने पोचते. नौका पूर्वेला १२९.४ अंश गेली. नकाशा तिला पश्चिमेला २३०.६ अंश नेतो.

विमानमार्गाची रेघ अशी चुकली की ती खंडांवरून आडवी धावते आणि कुणालाही खटकते. इथे मात्र न्यूझीलंडचा तो पट्टा सोडला तर सगळी रेघ पाण्यातूनच जाते. ज्याला प्रवास ठाऊक नाही त्याला ती खरीच वाटेल. प्रशांत महासागर ओलांडून केप हॉर्नला वळसा घालणे हा त्या मोहिमेचा सर्वांत खडतर भाग होता, आणि नेमका तोच भाग नकाशातून नाहीसा होतो. नकाशे बनवणारे बरेच जण या दोषाला किरकोळ तांत्रिक अडचण समजतात. मला तसे वाटत नाही. मार्ग दाखवणारा नकाशा मार्गाची दिशाच उलटी सांगत असेल तर त्याचे मूळ काम फसले आहे.

उपायांची कमतरता नाही. गेल्या पंधरा-वीस वर्षांत प्रत्येक नकाशा-लायब्ररीने यावर काही ना काही तोड काढली आहे. पण एका ठिकाणची तोड दुसऱ्या ठिकाणी चालत नाही आणि दोन तोडी एकत्र आल्या की नवाच बिघाड होतो. याचे कारण हा प्रश्न दिसतो एक आणि असतो चार : आकड्यांची साखळी कुठे तुटते, रेघ कोणत्या बाजूने जाते, ती सरळ असते की वाकडी, आणि पडद्यावर जग किती वेळा दिसते. हे चारही निर्णय वेगवेगळे आहेत, आणि मार्ग कापायचाच असेल तर तो अगदी शेवटी, चित्र उमटताना कापावा, असे मला या सगळ्या उपायांकडे पाहून ठामपणे वाटते.

आकड्यांची साखळी १८८४मध्ये तुटली. त्या वर्षी ऑक्टोबरात वॉशिंग्टनला पंचवीस देशांचे प्रतिनिधी जमले आणि ग्रीनिचचे रेखावृत्त शून्य मानायचे ठरले. २२ मते बाजूने पडली, सान्तो दोमिंगोचे एक विरोधात, फ्रान्स आणि ब्राझील तटस्थ राहिले. रेखांश शून्यापासून दोन्ही दिशांना १८०पर्यंत मोजावेत, पूर्वेचे अधिक आणि पश्चिमेचे उणे धरावेत, हाही ठराव त्याच परिषदेतला. एकाच दिशेने शून्य ते ३६० मोजावे, असे म्हणणारेही तिथे होते. ते मानले गेले असते तरी तुटण्याची जागा गेली नसती, ती ग्रीनिचवर आली असती. मग लंडनहून पॅरिसला जाणारी प्रत्येक रेघ बिघडली असती आणि हा दोष पहिल्याच दिवशी दुरुस्त झाला असता. तो प्रशांत महासागरात पडला म्हणून इतकी वर्षे टिकला.

शाळेत शिकलेली आंतरराष्ट्रीय वाररेषा आणि हे १८० रेखावृत्त यांत फरक ठेवायला हवा. वाररेषा कालगणनेची आहे आणि देशांच्या सोयीने वाकते. किरिबातीने १९९५च्या सुरुवातीला ती आपल्या पूर्वेकडच्या बेटांपलीकडे ढकलली. सामोआने २०११मध्ये ३० डिसेंबर हा दिवसच गाळला आणि बाजू बदलली. रेखावृत्त मात्र सरळ ध्रुवापासून ध्रुवापर्यंत जाते, कुणासाठी वाकत नाही. मार्ग तुटतो तो रेखावृत्तावर. वाररेषेचा नागमोडी आकार घेऊन त्यावर मार्ग कापणारा कोड लिहिणे ही चूक अजूनही होते.

वेबच्या नकाशाने या तुटण्याला पक्के रूप दिले. २००५मध्ये गूगल मॅप्स आले आणि त्यांच्याबरोबर चौकोनी टाइलांची पद्धत रूढ झाली. मर्केटर प्रक्षेपणात पृथ्वी एका चौरसात बसवायची, त्यासाठी उत्तर-दक्षिण ८५.०५ अंशांपलीकडचा भाग सोडून द्यायचा, आणि झूमची पातळी एकने वाढली की टाइलांच्या रांगा-स्तंभ दुप्पट करायचे. दहाव्या पातळीवर आडवे १०२४ स्तंभ होतात, शून्यापासून १०२३पर्यंत. विषुववृत्तावर १७९.९ पूर्व आणि १७९.९ पश्चिम या दोन बिंदूंमध्ये प्रत्यक्षात बावीस किलोमीटरच अंतर आहे. टाइलांच्या हिशेबात पहिला १०२३व्या स्तंभात पडतो, दुसरा शून्याव्या. बांगडी एका जागी तोडून सरळ केली की शेजारचे दोन कण दोन टोकांना जातात, तसे हे.

या जागी सॉफ्टवेअर चुकले तर परिणाम चित्रापुरतेच राहतात असेही नाही. फेब्रुवारी २००७मध्ये हवाईहून ओकिनावाला निघालेल्या अमेरिकी हवाई दलाच्या एफ-२२ लढाऊ विमानांची दिशादर्शक यंत्रणा वाररेषा ओलांडताना बंद पडली. सोबतच्या इंधनवाहू विमानांच्या मागोमाग ती हवाईला परतली. अत्यंत काळजीने तपासलेल्या यंत्रणेत हे घडू शकते, तर साध्या संकेतस्थळावरच्या नकाशात घडले याचे आश्चर्य वाटायला नको.

सर्वांत जुना आणि अजूनही सर्वांत उपयोगी उपाय आकड्यांचाच आहे. मार्गावरच्या लागोपाठच्या दोन बिंदूंच्या रेखांशांत १८०पेक्षा जास्त फरक आला तर दुसऱ्यात ३६० मिळवायचे किंवा वजा करायचे, आणि पुढचे सगळे बिंदू त्याच हिशेबाने सरकवत न्यायचे. 'तारिणी'च्या मार्गात मग पोर्ट स्टॅन्ली उणे ५७.९ न राहता ३०२.१ होते, केप टाउन ३७८.४, आणि शेवटचा गोवा ७३.८ऐवजी ४३३.८. हे आकडे विचित्र दिसतात, पण ते खरे बोलतात. सुरुवातीचा गोवा आणि शेवटचा गोवा यांत नेमका ३६०चा फरक आहे, म्हणजे नौका पूर्वेकडून एक पूर्ण फेरा करून आली. मोहिमेचा अर्थच या एका फरकात नोंदला जातो. शेवटचा आकडा पुन्हा ७३.८ केला की ही माहिती पुसली जाते.

मॅपबॉक्स आणि त्यातून डिसेंबर २०२०मध्ये वेगळे निघालेले मॅपलिब्रे यांच्या उदाहरणसंग्रहांत हीच युक्ती दिली आहे. तिथे ती चांगली चालते, कारण या लायब्ररी मार्गाचे ब्राउझरमध्येच टाइलांत तुकडे करतात आणि जगाच्या कडेबाहेर गेलेला भाग शेजारच्या जगात आणून बसवतात. लीफलेटलाही १८०पलीकडचे आकडे चालतात, रेघ अखंड उमटते. पण लीफलेट पायाच्या टाइला डाव्या-उजव्या बाजूला कितीही वेळा पुन्हा मांडते आणि वरची रेघ मात्र एकदाच काढते. मोठ्या पडद्यावर नकाशा लहान केला की हे उघडे पडते : झूमच्या पहिल्या पातळीवर जगाची रुंदी ५१२ पिक्सेल, तर १९२० पिक्सेलांच्या पडद्यावर जवळजवळ चार जगे शेजारी शेजारी दिसतात आणि मार्ग त्यांतल्या एकाच जोडीवर असतो. वाचकाने नकाशा सरकवला की 'वर्ल्डकॉपीजंप' हा पर्याय त्याला गुपचूप मूळ जगात परत आणतो, त्यामुळे खुणा पुन्हा दिसतात, पण ४३३.८वर संपणारा मार्ग कोणत्याच एका जगात मावत नाही. ओपनलेअर्स इथे वेगळे वागते. त्याच्या 'रॅपएक्स'मुळे वरच्या आकृत्याही प्रत्येक जगात उमटतात. रेघ कोणत्या बाजूने जावी हा निर्णय मात्र तिथेही आकड्यांवरच सोडलेला आहे. गूगल मॅप्स याच्या उलट टोकाला : रेखांश १८०बाहेर गेला की तो आपोआप आत गुंडाळला जातो आणि दोन बिंदूंमधली रेघ जवळच्या बाजूने काढली जाते. नवख्या माणसाला हे सोयीचे आहे. पण ज्याला खरोखरच लांबच्या बाजूने जाणारी रेघ हवी आहे, त्याने मध्ये जादा बिंदू घातल्याशिवाय ती निघत नाही.

सरकवलेल्या आकड्यांची खरी अडचण साठवणुकीत येते. ट्रेकिंगवाले आणि खलाशी वापरतात त्या जीपीएक्स फाइलच्या नियमांत रेखांश उणे १८० किंवा त्याहून जास्त आणि १८०पेक्षा कमी असलाच पाहिजे. म्हणजे ३०२.१ सोडाच, तिथे नेमके १८०सुद्धा लिहिता येत नाही. जहाजांची ओळख आणि स्थान प्रसारित करणाऱ्या एआयएस यंत्रणेत १८१ या रेखांशाचा अर्थ 'स्थान उपलब्ध नाही' असा ठरलेला आहे. आकडे सरकवणाऱ्या कोडने तो खरा रेखांश मानला तर जहाज १७९ पश्चिमेवर प्रकट होते आणि मार्गाला एक लांबलचक फाटा फुटतो. अक्षांशाच्या जागी अशा वेळी ९१ येतो, त्यावरून ही नोंद आधीच गाळता येते. गाळण्याचे काम सरकवण्याच्या आधी झाले पाहिजे, एवढेच. ओपनस्ट्रीटमॅपच्या माहितीतही १८०बाहेरचा बिंदू घालता येत नाही.

दुसरा मार्ग कापण्याचा. नकाशाची माहिती साठवण्याच्या जिओजेसन या स्वरूपाच्या २००८मधल्या मूळ मसुद्यात याबद्दल मौन होते. ऑगस्ट २०१६मध्ये आलेल्या आरएफसी ७९४६ या प्रमाण दस्तऐवजाने ते सोडले. १८० रेखावृत्त ओलांडणारी रेघ तिथे कापून दोन तुकड्यांत द्यावी, एक तुकडा अधिक १८०वर संपावा आणि दुसरा उणे १८०वर सुरू व्हावा, अशी त्यात शिफारस आहे. देवाणघेवाणीच्या दृष्टीने ती समजण्यासारखी आहे. कापलेली रेघ जुन्या, भोळ्या सॉफ्टवेअरमध्येही नकाशाभर धावत नाही. माहिती आयात-निर्यात करणारे जीडीएएल हे साधनही 'रॅपडेटलाइन' या पर्यायाने असेच कापते, आणि टर्फ या लायब्ररीतले, गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग म्हणजे बृहद्‌वृत्त काढणारे फंक्शन रेघ १८०पार जात असेल तर आपणहून तुकड्यांची रेघ परत देते.

तरीही मार्गांच्या बाबतीत माहितीतच कापणे मला चुकीचे वाटते. बंदरातून बंदरात गेलेली नौका एक प्रवास करते. तुकडे झाले की त्याचे दोन होतात. तुटक रेघ काढली तर तिचा नमुना कडेवर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. मार्गावर सरकणारी खूण पहिल्या तुकड्याच्या शेवटी थांबते. रेघेवर बोट ठेवले तर अर्धाच प्रवास उजळतो, मार्गाचे नाव दोनदा छापले जाते, आणि लांबी विचारली तर कोड लिहिणाऱ्याने आठवणीने बेरीज केली असेल तरच बरोबर येते. क्षेत्रांच्या बाबतीत कापण्याची खूण तर उघड दिसते : रशियाच्या चुकोत्का प्रदेशावर आणि रँगल बेटावर कित्येक नकाशांत एक उभी सरहद्द दिसते, जी जमिनीवर कुठेही नाही. सर्वांत त्रासदायक म्हणजे कापलेली माहिती पुन्हा एखाद्या 'स्वच्छ' करणाऱ्या टप्प्यातून गेली आणि त्याने १८०चे उणे १८० केले, की पहिल्या तुकड्याचे टोक जगाच्या दुसऱ्या बाजूला जाते आणि मूळ रोग जसाच्या तसा परततो. कापणारा आणि गुंडाळणारा हे दोन टप्पे एकमेकांना न विचारता काम करतात, त्यातून हे होते.

त्याच दस्तऐवजातली एक गोष्ट मात्र अत्यंत मोलाची आहे आणि तिच्याकडे फारसे कुणी पाहत नाही. मार्गाला किंवा प्रदेशाला वेढणारी चौकट सांगताना पश्चिमेची कड आधी आणि पूर्वेची नंतर द्यायची. मग पश्चिमेचा आकडा पूर्वेच्या आकड्याहून मोठा असू शकतो. तिथे उदाहरण फिजीचे आहे : चौकट १७७पासून उणे १७८पर्यंत, म्हणजे अवघी पाच अंश रुंद. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा रेखांश शोधून चौकट करणाऱ्या साध्या कोडला हीच चौकट ३५५ अंशांची वाटते. मग 'फिजी दाखवा' म्हटले की नकाशा सगळे जग दाखवतो आणि फिजी दोन्ही कडांना ठिपक्यांसारखा चिकटलेला असतो.

फिजीचे उदाहरण मी मुद्दाम लांबवतो आहे. तावेउनी आणि राम्बी या बेटांवरून आणि वानुआ लेवूच्या पूर्व टोकावरून १८० रेखावृत्त जाते. तावेउनीवर वाइयेवोजवळ त्याची पाटीही लावलेली आहे. तिथल्या माणसासाठी हे रेखावृत्त म्हणजे रोजच्या रस्त्यावरची एक जागा. वादळाचा मार्ग, बोटीचे वेळापत्रक, मदतीचा नकाशा, यांतले काहीही त्याने वेबवर पाहिले की देश दुभंगलेला दिसण्याची शक्यता असते. न्यूझीलंडच्या चॅटम बेटांचे, अमेरिकेच्या अल्यूशियन बेटांचे तेच. सॉफ्टवेअर ज्या शहरांत लिहिले जाते तिथून ही कड दूर आहे, आणि दोष इतका काळ का राहिला याचे उत्तर मला यातच दिसते. प्रशांत महासागर मध्यभागी असलेली प्रक्षेपणे उपलब्ध आहेत. १५० पूर्व रेखांश मध्यभागी धरणारे मर्केटरचे एक रूप, प्रक्षेपणांना क्रमांक देणाऱ्या ईपीएसजीच्या यादीत ३८३२ या क्रमांकाने नोंदलेले आहे. पण तयार टाइला जवळपास सगळीकडे ग्रीनिच मध्ये धरूनच मिळतात, त्यामुळे या प्रक्षेपणासाठी टाइला स्वतः बनवाव्या लागतात. छोट्या देशाच्या छोट्या कार्यालयाला तो भार मोठा आहे.

डी३ या लायब्ररीने याला दिलेले उत्तर मला आजवरच्या सगळ्यांत समाधानकारक वाटते. तिसऱ्या आवृत्तीपासून डी३ बिंदूंना गोलावरचे बिंदूच मानते. दोन बिंदूंमधली जोड गोलावरची, म्हणून १७९ आणि उणे १७९ यांमधली रेघ आपोआप दोन अंशांची. आधी गोल हवा तसा फिरवायचा, मग त्या फिरवलेल्या गोलाची जी कड असेल तिच्यावर कापायचे, आणि मग कागदावर उतरवायचे. प्रशांत महासागर मध्यभागी आणला तर कड ग्रीनिचवर जाते आणि कापाकापीही तिकडेच होते. माहितीला हात लागत नाही. कापणे हा नकाशाच्या कडेचा गुणधर्म आहे, मार्गाचा नाही, हे इथे कोडच्या रचनेतच उतरले आहे. गूगलच्या एस२ लायब्ररीत बिंदू अवकाशातल्या तीन आकड्यांनी मांडतात. तिथे तर १८० ही जागा वेगळी ओळखूच येत नाही. पोस्टजीआयएस या माहितीसाठ्याच्या साधनातला 'जिओग्राफी' प्रकारही अंतरे गोलावर मोजतो, म्हणून तिथे मार्गाची लांबी विचारली तर ती बरोबर मिळते. शून्य ते ३६०च्या मोजणीत बदलण्यासाठी त्यात 'एसटी_शिफ्टलाँगिट्यूड'ही आहे.

बाजू बरोबर निवडली तरी रेघ बरोबर येतेच असे नाही. मुंबई–सॅन फ्रान्सिस्को घेऊ. एअर इंडियाने डिसेंबर २०२२मध्ये या दोन शहरांत थेट सेवा सुरू केली. मुंबई ७२.९ पूर्व, सॅन फ्रान्सिस्को १२२.४ पश्चिम. आकडे तसेच जोडले तर रेघ अरबी समुद्र, आफ्रिका, अटलांटिक आणि अख्खी अमेरिका ओलांडत १९५ अंश पश्चिमेला जाते. ३६० मिळवून दुरुस्ती केली की ती पूर्वेकडे वळते, भारत आणि चीनवरून प्रशांत महासागरात उतरते आणि १८० रेखावृत्त साधारण ३१ उत्तर अक्षांशाजवळ ओलांडते. दिसायला आता सगळे नीट आहे. पण गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग, म्हणजे बृहद्‌वृत्त, साडेतेरा हजार किलोमीटरचे आहे आणि ते मुंबईहून जवळजवळ सरळ उत्तरेला निघते, ७६.७ अंशांपर्यंत चढते आणि १८० रेखावृत्त ७५.७ अंशांवर, रँगल बेटाच्याही उत्तरेला आर्क्टिक समुद्रात ओलांडते. दोन ओलांडण्याच्या जागांमध्ये चव्वेचाळीस अक्षांशांचे अंतर पडले. विमान वारा, परवानग्या आणि बंद हवाई हद्दी पाहून यातले काही बदलते, पण ३१ अंशांची सरळ रेघ कुठल्याच वैमानिकाच्या कामाची नाही. आरएफसी ७९४६ मात्र दोन बिंदूंमधली रेघ आकड्यांच्या पटावर सरळच धरतो. म्हणून क्रम महत्त्वाचा ठरतो : आधी बृहद्‌वृत्तावर पुरेसे बिंदू पाडायचे, मग रेखांश सरकवायचे, कापायचे असेल तर सर्वांत शेवटी. आधी कापले तर तुकड्याचे टोक चुकीच्या अक्षांशावर पडते आणि मग बृहद्‌वृत्त दोन्ही तुकड्यांत वेगवेगळे वाकते, मध्ये कोन तयार होतो.

बृहद्‌वृत्त हेही सगळ्यांना लागू करायचे औषध नाही, आणि इथे लायब्ररींची उदाहरणे वाचणाऱ्याची दिशाभूल करतात, कारण ती बहुतेक विमानांचीच असतात. लिटलटन ते पोर्ट स्टॅन्ली हे बृहद्‌वृत्त काढले तर ते दक्षिणेला ६९ अंशांपर्यंत, अमुंडसेन समुद्रातल्या बर्फात शिरते. 'तारिणी'ला केप हॉर्नच्या बाजूने यायचे होते आणि ते टोक ५६ अंशांवर आहे. दिलीप दोंदे यांनी २००९-१०मध्ये 'म्हादेई'तून एकट्याने केलेल्या प्रदक्षिणेत हीच चार बंदरे होती, आणि ऑक्टोबर २०२४मध्ये गोव्याहून निघून मे २०२५मध्ये परतलेल्या 'तारिणी'च्या दुसऱ्या प्रदक्षिणेतही, जी दिलना के. आणि रूपा ए. या दोन अधिकाऱ्यांनीच पूर्ण केली. यांतल्या कुठल्याही प्रवासाचा हा टप्पा दोन बंदरे जोडून काढता येत नाही. नोंदलेली स्थाने हवीत.

नोंदलेल्या स्थानांचे प्रश्न वेगळे असतात. २०२२मध्ये पाठीवर उपग्रह-खूण लावलेला गॉडविट जातीचा एक कोवळा पक्षी अलास्काहून निघून अकरा दिवसांत १३,५६० किलोमीटर न थांबता उडाला आणि टास्मानियाला उतरला. १९९४मधले 'जॉन' हे चक्रीवादळ ३१ दिवस टिकले आणि त्याने वाररेषा दोनदा ओलांडली : एकदा पश्चिमेला, मग वळून पूर्वेला. अशा मार्गांत लागोपाठचे बिंदू जवळजवळ असतात, म्हणून १८०च्या फरकाची कसोटी बिनचूक चालते आणि दोन्ही ओलांडण्या आपोआप जुळतात. 'जॉन'चा सरकवलेला आकडा एकदा उणे १८०च्या खाली जातो, पुन्हा वर येतो, इतकेच. मात्र नोंदी बराच काळ खंडल्या तर कसोटी अंदाज करू लागते. दोन नोंदींमध्ये रेखांशाचे अंतर १८०च्या जवळ आले की कोणती बाजू खरी हे आकड्यांवरून कळत नाही. वेळ आणि वेग पाहूनच ठरवावे लागते. वादळाच्या बाबतीत आणखी एक गुंता असतो. मध्य प्रशांतातल्या वादळांवर होनोलुलूचे केंद्र लक्ष ठेवते, १८०च्या पश्चिमेला ती जबाबदारी जपानच्या हवामान संस्थेकडे जाते आणि 'हरिकेन'चे 'टायफून' होते. दोन संस्थांच्या दोन नोंदी जोडताना मार्ग नेमका त्याच रेषेवर तुटलेला मिळतो, आणि तो कापल्यामुळे तुटला की नोंदवही बदलल्यामुळे, हे तपासल्याशिवाय शिवणे धोक्याचे.

गेल्या काही वर्षांत बऱ्याच जणांना वाटते की गोल नकाशे आले, आता हा विषय संपला. गूगल मॅप्सने ऑगस्ट २०१८मध्ये लांबून पाहताना पृथ्वी गोल दाखवायला सुरुवात केली, मॅपबॉक्सने २०२२मध्ये, मॅपलिब्रेच्या पाचव्या आवृत्तीत २०२५च्या आरंभी ती सोय आली. सीझियम तर पहिल्यापासूनच गोलावर चालते आणि त्याची रेघ न सांगताच पृष्ठभागावरचा जवळचा मार्ग धरते. तिथे हा प्रश्न खरोखर सुटलेला आहे. पण मॅपबॉक्स आणि मॅपलिब्रे यांचे गोल आतून त्याच मर्केटर टाइलांवर उभे आहेत. १७९पासून उणे १७९पर्यंतची न सरकवलेली रेघ गोलावरही उलट्या बाजूने पृथ्वीभर फिरून येते. फक्त तिचा अर्धा भाग आपल्याला मागच्या बाजूला दिसत नाही. चुकोत्कावरची खोटी सरहद्दही गोलावर तशीच राहते, कारण ती माहितीत कोरलेली आहे. गोलाने चूक झाकली जाण्याचा धोका मला जास्त वाटतो.

३६०च्या युक्तीची शेवटची मर्यादा ध्रुवांपाशी येते. जानेवारी २०२१मध्ये कॅप्टन झोया अग्रवाल आणि त्यांच्या सर्व महिला वैमानिक सहकाऱ्यांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बेंगळुरूला आणलेले विमान उत्तर ध्रुवावरून आले. ध्रुवावर सगळे रेखांश एकत्र येतात, काही मिनिटांत विमान कित्येक रेखांश ओलांडते, आणि लागोपाठच्या दोन नोंदींत १८०च्या आसपास फरक येणे हा तिथे अपवाद राहत नाही. त्यावरून बाजू ठरवण्याला अर्थ उरत नाही, आणि वेबच्या मर्केटरमध्ये तर ८५.०५च्या पुढे रेघ न्यायला जागाच नाही. इथे प्रक्षेपण बदलणे हाच मार्ग आहे. आर्क्टिकसाठी ईपीएसजीच्या यादीतले ३९९५ आणि अंटार्क्टिकासाठी ३०३१ ही ध्रुव मध्यभागी धरणारी प्रक्षेपणे ओपनलेअर्समध्ये प्रोज४च्या मदतीने वापरता येतात. त्यांत १८० रेखावृत्त केंद्रातून निघणाऱ्या इतर रेघांसारखीच एक रेघ असते; १७९ आणि उणे १७९ शेजारी पडतात आणि त्यांना जोडण्यासाठी काहीच करावे लागत नाही. अट एकच : बिंदू आधी प्रक्षेपित करायचे आणि मग जोडायचे. रेखांशांच्या पटावर आधी रेघ भरून मग प्रक्षेपित केली, तर ती ध्रुवाभोवती जवळजवळ पूर्ण वर्तुळ काढते.